कोमट होईपर्यंत

तुमच्यापैकी कितीतरी जण रविवारच्या संपर्कसत्रासाठी पहाटेच घर सोडतात. कुणी शेतावरची रात्रपाळीची ओलित आटोपून येतो, कुणी मुलांचा डबा करून ठेवून येते. अशा माणसांना हिवाळ्यातल्या पहाटेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आणि तरीही मी एका हिवाळ्याविषयीच तुमच्याशी बोलणार आहे. कारण त्या हिवाळ्यात मी एक अत्यंत गैरसोयीचे, खर्चिक आणि वेगासाठीच जन्माला आलेले वाहन रोजच्या पोटापाण्याच्या कामाला जुंपले होते. ते योग्य केले की अयोग्य, हा प्रश्न गेल्या वर्षी पुन्हा माझ्या दारात येऊन उभा राहिला.

माझे गाव जळगाव जामोद. खानदेशातल्या जळगावाशी आमचा सतत घोटाळा होतो. पत्रे तिकडे जातात, पाहुणे तिकडे उतरतात. आमचे जळगाव बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावाला रेल्वे नाही. रेल्वे गाठायची तर दक्षिणेला पूर्णा नदी ओलांडून नांदुऱ्याला जावे लागते. हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे. १९९७ च्या दिवाळीनंतर नांदुऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला घड्याळी तासिकेवर मराठी शिकवण्याचे काम मिळाले. पहिला तास सकाळी सात-चाळीसचा. बसच्या वेळा त्याला जुळत नसत. घरात वाहन एकच होते आणि ते माझे नव्हते. ते होते माझ्या दिवंगत काकांचे : राजदूत ३५०.

राजदूत म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दुधाचे कॅन लटकवलेली, फट्‌फट्‌ करत बांधावरून जाणारी गाडी येत असेल. ती राजदूत १७५. खेड्यापाड्यांतल्या गवळ्यांनी, ग्रामसेवकांनी, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांनी तिच्यावर आयुष्ये काढली. राजदूत ३५० ही नावापुरतीच तिची बहीण. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आर. डी. ३५० नावाची मोटारसायकल काढली. त्या दोन अक्षरांचा अर्थ ‘शर्यतीतून विकसित झालेली’ असा लावला जातो. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्‌स कंपनीने ती भारतात बनवायला घेतली. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, आणि पहिल्या आवृत्तीची ताकद साडेतीस अश्वशक्ती. त्याच काळातली बुलेट ३५० जवळपास तेवढ्याच आकारमानाच्या इंजिनातून अठरा अश्वशक्ती देत असे, एवढे सांगितले म्हणजे फरक ध्यानात यावा. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आला तो ड्रम. म्हणजे धावण्याची सोय तीच, थांबण्याची मात्र कमी. पेट्रोल एवढे पिई की लोक विकत घेण्यापूर्वी दहांदा विचार करीत. १९८९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. त्यानंतर मात्र तिची कीर्ती वाढत गेली. हे आपल्याकडे माणसांच्या बाबतीतही होते.

मोटारीचा शौक असणाऱ्या श्रीमंत देशांत स्पोर्ट्‌स कारचे जे स्थान, ते आमच्या गावात या गाडीचे होते. काकांनी ती १९८५ मध्ये चांगल्या कापसाच्या वर्षी घेतली. काका तसे काटकसरी गृहस्थ. चपलेचा अंगठा तुटला तर तीनदा शिवून घेणारे. त्यांनी ही गाडी का घेतली, हे कुणालाच कळले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. त्यांनी ती वापरली असेही म्हणता येत नाही. ते ती पुसत. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही धूत, दसऱ्याला झेंडू वाहत आणि वर्षातून चार-सहा वेळा आसलगावपर्यंत जाऊन येत. एरवी ती गोठ्याशेजारच्या खोलीत जुन्या धोतराखाली झाकलेली असे.

आमच्या घराण्यात याला पूर्वपरंपरा होती. आजोबांकडे शंकरपटाच्या बैलांची जोडी असे. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. त्यावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली आणि २०२३ मध्ये राज्याचा नवा कायदा वैध ठरवला, तो निराळा इतिहास. आजोबांच्या काळी पटाच्या बैलाला वखराला जुंपणे म्हणजे कुळाची अब्रू घालवणे, असे समजत. एका दुष्काळी वर्षी साधा बैल मेला तेव्हा आजोबांनी शेजाऱ्याचा बैल उसना आणला. पण पटाच्या जोडीला औताला हात लावू दिला नाही. ती जोडी त्या वर्षी पटात पहिली आली का, तर नाही. घरात ज्वारी मात्र कमी आली.

काका गेल्यावर तीन वर्षे गाडी तशीच उभी होती. माझी नेमणूक झाली त्या संध्याकाळी काकूंनी खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “बापू, हे गाडी उभी राहून सडून रायली. तुया काकानं पुसू पुसू तिचा रंग झिजवला, पन तिले रस्ता नाही दाखवला. तू घेऊन जाय.” मी म्हणालो, “काकू, रोज वापरली तर खराब होईल.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत; किल्ली उचललीही नाही.

कार्तिक संपता संपता माझ्या फेऱ्या सुरू झाल्या आणि शर्यतीचे यंत्र हिवाळ्यात रोज वापरणे म्हणजे काय, हे मला कळू लागले. पहिली अडचण, ती सुरू करण्याची. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून इंजिनाला जास्तीचे पेट्रोल द्यायचे. पण जास्त दिले की दोन्ही प्लग ओले होतात, आणि ओला प्लग ठिणगी देत नाही. बटण दाबून सुरू होण्याची सोय नव्हती. सगळा कारभार किकवर. पहाटे साडेपाचला अंगणात वीस-पंचवीस किका मारल्यावर थंडी वाजण्याचा प्रश्नच उरत नसे. मग प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चुलीजवळ नेऊन कोरडे करायचे. काही दिवसांनी मी दोन जादा प्लग सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवू लागलो. रात्री ते उशाशी असत. आईने एकदा ते गोधडीत पाहिले आणि पोराच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशा मुद्रेने पुन्हा जागच्या जागी ठेवले.

गाडी सुरू झाली की पांढऱ्या धुराने अंगण भरून जाई. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. साध्या राजदूतमध्ये ते पेट्रोलच्या टाकीतच मिसळावे लागे. हिच्यात त्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळा पंप होता. त्या धुराचा वास आमच्या गल्लीला घड्याळासारखा झाला होता. वास आला की समोरची म्हातारी अंथरुणातूनच नातवाला उठवी.

मग रस्ता. आमच्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. दहा अंश ऐकायला फार वाटत नाहीत. पण थंड देशांतल्या हवामानखात्यांनी वाऱ्याने जाणवणाऱ्या गारठ्याचे एक गणित बसवले आहे. त्यानुसार दहा अंशांत ताशी साठ किलोमीटर वेगाने गेले तर उघड्या कातडीला पाच अंशांसारखे वाटते. मला त्या वेळी हे गणित ठाऊक नव्हते, बोटांना ठाऊक होते. स्वेटरच्या आत छातीवर जुने वर्तमानपत्र घालायचे, ही युक्ती ट्रकवाल्यांची. लोकरीचे हातमोजे धुईने ओले होत, म्हणून त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून मनगटाशी रबर लावायचे, ही युक्ती माझी स्वतःची. तिचा मला आजही थोडा अभिमान आहे.

सातपुड्याकडून उतरलेली धुई पूर्णेच्या खोऱ्यात साचून राहते. गाडीच्या दिव्याचा पिवळा उजेड त्या धुईत शिरत नसे, तिच्यावरच सांडल्यासारखा पसरे. समोरून कापसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी येत असली, तर आधी बैलाच्या घुंगरांचा आवाज आणि मग एकदम पांढरा डोंगर. त्या गाड्यांना मागे दिवा नसे. रोह्यांचे कळप हरभऱ्यातून निघून रस्ता ओलांडत. एक गेला म्हणून वेग घ्यावा, तर मागे आणखी तीन असत. काळ्या मातीच्या शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर आलेली चिकट माती दवाने भिजून डांबरावर साबणासारखी पसरलेली असे. अशा रस्त्यावर सहा गिअरांची गाडी मी तिसऱ्या-चौथ्यात चालवी. तिला ते मानवत नसे. टू-स्ट्रोक इंजिन कमी वेगावर घुटमळते. त्यात काजळी धरते. ते मोकळे वाहते वरच्या फेऱ्यांवर. थंड हवा घट्ट असते, तिच्यात प्राणवायू अधिक असतो, म्हणून नेमक्या त्याच दिवसांत इंजिनाची ताकद वाढलेली. म्हणजे गाडीला ज्या दिवसांत सर्वांत जास्त धावावेसे वाटावे, त्याच दिवसांत मी तिला बैलगाड्यांच्या मागे चालवत होतो.

आणि तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शनिवारी परतताना दुपारचे ऊन असे, रस्ता कोरडा असे. पुलाच्या अलीकडे एक सरळ पट्टा लागतो. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडलेली. तिथे मी तिला मोकळी सोडी. पाच-सहा हजार फेऱ्यांपुढे तिचा आवाज बदले. घशातला कफ गेल्यावर गवय्याचा स्वर जसा लागावा, तसा. मला तेव्हा आठवण काकांची येई. हा आवाज त्यांनी किती वेळा ऐकला असेल? आसलगावपर्यंतच्या फेरीत तो लागणे शक्य नव्हते.

माझा एक विद्यार्थी पुढे अभियंता होऊन जर्मनीत गेला. त्याने एकदा सांगितले की तिकडे अशा वाहनांचे मालक नोव्हेंबरात त्यांना झाकून ठेवतात. १९९७ पासून तिथे हंगामी नंबरप्लेटचीही सोय आहे : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत हे वाहन रस्त्यावर येणार, ते पाटीवरच छापलेले, तेवढ्याच महिन्यांचा कर आणि विमा भरायचा. कारणे व्यवहाराची आहेत. उन्हाळी टायरचे रबर सात अंशांखाली कडक होऊन रस्ता नीट धरत नाही. आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, ते पत्रा खाते. काही हट्टी लोक मात्र टायर बदलून तीच गाडी हिवाळाभर रोज वापरतात आणि शेजारी त्यांच्याकडे पाहून मान हलवतात. हे ऐकून मला परक्या मुलखात नातेवाईक भेटल्यासारखे वाटले.

मिठाचा प्रश्न आम्हालाही होता, हे विशेष. पूर्णेच्या दोन्ही काठांचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. बुलढाणा, अकोला, अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारे, पिण्याला नकोसे, ओलिताला वाईट. महाविद्यालयाशेजारच्या बोअरच्या पाण्याने मी भाबडेपणाने गाडीवरचा चिखल धूत असे. जानेवारीच्या मध्यापर्यंत काकांनी आरशासारख्या ठेवलेल्या सायलेन्सरवर तांबडे ठिपके उमटले. ते मी काकूंपासून लपवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी एका संध्याकाळी बोटाने एक ठिपका खरवडून पाहिला, बोट पदराला पुसले आणि विचारले, “तास झाले का सारे?”

आता त्या सकाळीविषयी. संक्रांत होऊन गेली होती. प्राचार्य स्वतः माझा तास पाहायला येणार होते. पुढच्या वर्षी पूर्ण वेळेची जागा निघणार, असे बोलले जात होते. त्या दिवशीच गाडी तिसाव्या किकेला लागली. उशीर झालेला. मी ती सुरू होताच गिअरमध्ये टाकली आणि गावाबाहेर पडताच पूर्ण पीळ दिला. येरळीच्या पुलाजवळ, धुईत, इंजिनाचा आवाज एकाएकी खर्जात उतरला आणि मागचे चाक जागच्या जागी बसले. क्लच दाबायला हवा होता. दाबला, पण त्यापूर्वी एक क्षण गेला, आणि त्या क्षणात मी आणि काकांची गाडी वेगवेगळ्या दिशांनी रस्त्याच्या कडेला गेलो.

मला फारसे लागले नाही. कोपर सोलले, वर्तमानपत्रामुळे छाती वाचली. कापूस घेऊन चाललेल्या एका गाडीवानाने बैल थांबवले, खाली उतरून आधी माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिले आणि म्हणाला, “वाचले ना, सर? मंग बसा.” माझ्या उपकारकर्त्याचे नाव मी त्या गडबडीत विचारले नाही, याची खंत अजून आहे. त्या दिवशी माझा तास झाला नाही.

आमच्या मिस्त्रींनी इंजिन उघडले आणि ओरखडलेला पिस्टन माझ्या हातात दिला. कारण सोपे होते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याभोवतीची सिलिंडरची आतली नळी बिडाची. ॲल्युमिनियम लवकर तापते आणि जास्त फुगते. गाडी थंड असताना एकदम ताण दिला, तर पिस्टन फुगतो, नळी मात्र अजून थंड आणि आकसलेली असते. दोहोंमधली केसभर फट बुजते, ऑइलचा थर तुटतो आणि पिस्टन जाम होतो. मिस्त्री म्हणाले, “सर, मानूस तरी गोधडीतून उठल्याबरोबर पयते का? पाच-सात मिंट उभी ठेवत जा. सिलिंडरले हात लावून पाहा. कोमट झालं, की मंग निघा.” मी मराठीचा अध्यापक; ‘कोमट’ या शब्दाचे मोल मला त्या गॅरेजमध्ये कळले.

रिबोअर करायचे, दोन नवे पिस्टन घालायचे, तर माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढा खर्च होता. मानधनाचा मोठा भाग आधीच पेट्रोलमध्ये जात होता. जाऊन-येऊन रोज अडीच-पावणेतीन लिटर. त्या रात्री मी हिशेब मांडला आणि नोकरी सोडावी, गाडी विकावी, असे दोन्ही निर्णय एकाच कागदावर लिहिले. सकाळी काकूंनी कापसाच्या पट्टीतले पैसे रुमालात बांधून आणले. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुयासाठी नाही देत. गाडीसाठी देतो.” बोलताना त्या स्वतःसाठी ‘देतो’ म्हणत, आमच्याकडे बायका असेच बोलतात, आणि व्याकरणाच्या तासाला मी तुम्हाला हे उदाहरण हमखास देतो.

आठ दिवस मी दुधाच्या टेम्पोने गेलो. प्राचार्यांनी पुन्हा एकदा तास पाहिला. महाशिवरात्रीपर्यंत गाडी चालली. रोज सकाळी सात मिनिटे अंगणात उभी राहून, मगच. पुढच्या वर्षी पूर्ण वेळेची नेमणूक मिळाली आणि पहिल्या पगारातून मी एक साधी, शंभर सीसीची, चार-स्ट्रोक मोटारसायकल हप्त्यांवर घेतली. ती पहिल्या किकेला लागे, पेट्रोल मोजून खाई आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ काहीही नाही.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले. जुन्या मोटारसायकली जमवणारे, बोलायला अत्यंत नम्र. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसून इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक जुळवून पाहिला, सायलेन्सरवरचे डाग पाहिले, टाकीवरचा दुसऱ्यांदा दिलेला रंग नखाने ओळखला. मग एक रक्कम सांगितली. माझी मुलगी नागपूरला शिकते. तिच्या वसतिगृहाची दोन वर्षे त्या रकमेत निघाली असती. मी गप्प राहिलो, तो त्यांना सौदा वाटला असावा. ते हळहळून म्हणाले, “सर, ही गाडी पहिल्या मालकाने ज्या स्थितीत ठेवली होती, तशीच राहिली असती, तर मी तुम्हाला दुप्पट दिले असते. तो एक हिवाळा फार महाग पडला.”

काकू ओट्यावर बसल्या होत्या. आता ऐंशी ओलांडली आहे; ऐकू कमी येते, पण नेमके ते ऐकू येते. त्या म्हणाल्या, “दुप्पट कोनाले देले असते? ते त गेले.”

त्या गृहस्थांनी आपला क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून दिला. ते वर्ष संपले; नवी दिनदर्शिका टांगताना जुने पान मी फाडून वहीत ठेवले आहे. मुलीला मी सगळे सांगितले. ती म्हणाली, मी सुट्टीत येईपर्यंत थांबा, मला एकदा चालवून पाहायची आहे. तिच्या शुल्काचा दुसरा हप्ता फेब्रुवारीत आहे.

आज पहाटे चांगलीच धुई होती. अकराव्या किकेला गाडी लागली. काकूंनी आतून विचारले, “लागली का?” मी हो म्हणालो आणि हातमोजा काढून सिलिंडरवर हात ठेवला. अजून गार होते.